सर्दी झाली की तोंडाचा वास अन् कान फुटणं, लेकराचं नेमकं काय चाललंय?

अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलंय. नाव-गाव वगळून थोडक्यात देते. मुलगा साडेतीन वर्षांचा, वजन १३ किलो. जूनपासून अंगणवाडीत जायला लागला अन् तेव्हापासून महिन्याला एक सर्दी ठरलेली. सर्दी झाली की तोंड उघडं टाकून झोपतो, घोरतो, सकाळी तोंडाचा इतका वास येतो की दिवाळीला आलेल्या नणंदेने "ह्याचे दात घासता का नाही" म्हणून सगळ्यांसमोर विचारलं. रात्री दोन-अडीचला कान धरून रडत उठतो. सासूबाई तेलात लसूण कडवून ते कोमट तेल कानात टाकतात, त्यांचं म्हणणं पोटात उष्णता झालीय, जंत झालेत, वास त्याचाच आहे. नवऱ्याचं म्हणणं गावातल्या डॉक्टरचं औषध मिळमिळीत आहे, शहरात नेऊन एकदाच स्ट्राँग औषध करू. दही, ताक, केळी सगळं बंद केलंय. मागच्या आठवड्यात रात्रभर रडला, सकाळी उशीवर पिवळं पाणी दिसलं, कान फुटला होता, पण त्यानंतर दुखायचं थांबलं. त्या विचारतात: "मॅडम, ह्याला कानाच्या डॉक्टरकडं नेऊ, पोटाच्या का दाताच्या? अंगणवाडी बंद करू का? तेल टाकू नका म्हणलं तर घरात बोलाचाली होते. अन् आजकाल हा फार हट्टी झालाय, दहा हाका मारल्या तरी ओ देत नाही, टीव्ही मोठ्याने लावतो, परवा मी चापट मारली अन् नंतर मलाच वाईट वाटलं."

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी घेते, कारण तुम्ही ते जाता जाता लिहिलंय अन् मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. दहा हाका मारल्या तरी ओ देत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतो, हे हट्टी लेकराचं लक्षण असूही शकतं, साडेतीन वर्षांचं लेकरू हट्ट करणारच, पण ज्या लेकराला महिन्या-महिन्याला सर्दी होते, कान दुखतो, तोंड उघडं टाकून झोपतं, त्याच्या बाबतीत पहिला प्रश्न "ऐकत का नाही" हा नसतोच, पहिला प्रश्न "ह्याला ऐकू किती येतंय" हा असतो. कानाच्या पडद्यामागं पाणी साचून राहिलं तर आवाज असा येतो जसा आपल्याला कानात बोटं घातल्यावर येतो. जवळचं, मोठ्याने बोललेलं कळतं, स्वयंपाकघरातून मारलेली हाक कळत नाही. दुखत नाही, ताप नाही, म्हणून लेकरू सांगत नाही अन् घरच्यांना वाटतं की हा मुद्दाम करायलाय. तर चापटीचं मनाला लावून घेत बसू नका, पण आजपासून त्याला हट्टी म्हणायचं थांबवा अन् त्याची कानाची तपासणी करून घ्या. बाकी सगळं ह्याच्यानंतर.

आता तुमचा प्रश्न, कानाचा डॉक्टर का पोटाचा का दाताचा. ह्या प्रश्नात तुम्ही धरून चाललाय की हे तीन वेगळे आजार आहेत. तसं नाहीये. तिन्हीचं मूळ बहुतेक एकाच जागी आहे, ते म्हणजे नाक अन् नाकाच्या मागची जागा. कसं ते नीट सांगते, कारण हे एकदा कळलं की तेल, जंत, दही ह्या सगळ्या भानगडी आपोआप सुटतात.

नाकाच्या अगदी मागं, घशाच्या वरच्या बाजूला, कानाकडं जाणारी एक बारीक नळी असते, युस्टेशियन ट्यूब म्हणतात तिला. तिचं काम कानाच्या पडद्यामागं हवा पोचवायची अन् तिथलं पाणी घशात उतरवायचं. मोठ्या माणसात ही नळी तिरपी असते, लांब असते, पाणी आपोआप खाली येतं. लहान लेकरात ती आखूड, मऊ अन् जवळजवळ आडवी असते, शेतातल्या ठिबकची नळी सपाट रानात गाळ बसून जशी तुंबते तशी ती थोड्याशा शेंबडाने तुंबते. त्यात भर म्हणून तिच्या तोंडापाशीच ॲडिनॉइड नावाची गाठ असते, टॉन्सिलचीच बहीण म्हणा, ती साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात मोठी असते अन् सर्दीत अजून सुजते. नळी बंद झाली की पडद्यामागं पाणी साचतं, त्यात जंतू वाढले की पू होतो, पडद्यावर दाब येतो अन् लेकरू किंचाळत उठतं. रात्रीच का, तर आडवं झाल्यावर सूज अन् दाब दोन्ही वाढतात अन् दिवसभर खेळण्यात विसरलेलं दुखणं अंधारात एकटंच उरतं. तुमच्या लेकराचं दुखणं कान फुटल्यावर थांबलं ते त्यामुळंच, पडद्याला बारीक भोक पडून पू बाहेर आला अन् दाब गेला. हे ऐकून घाबरू नका, असं भोक बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यात आपलं आपण भरून येतं. पण ते भरलं का नाही हे बघावंच लागतं, "दुखायचं थांबलं म्हणजे बरा झाला" असं धरून चालायचं नाही.

अन् तोंडाचा वास? तोही तिथलाच. नाक बंद, म्हणून रात्रभर तोंडाने श्वास, तोंड कोरडं पडतं, लाळ सुकते. लाळ हे तोंडाचं धुणं आहे, ती नसली की जिभेच्या मागच्या भागावर बसलेले जंतू अन्नाचे कण अन् मागून गळणारा शेंबूड कुजवतात अन् गंधकासारखे वास मारणारे वायू तयार होतात. म्हणून तर वास सकाळी जास्त असतो अन् पाणी पिऊन, खाऊन झाल्यावर कमी होतो. तुमच्या नणंदेने दाताचं विचारलं ते चूक नव्हतं, विचारायची पद्धत चुकली, पण वास आईच्या हयगयीचा नाहीये. सर्दी संपली की वासही गेला पाहिजे. सर्दी नसताना पण वास येत राहिला तर मात्र दात, दाढांतली कीड, टॉन्सिल हे बघायला लागतं.

वासाबद्दल एक गोष्ट घरी करून बघा, काही खर्च नाही. लेकरू सकाळी उठल्या उठल्या, दात घासायच्या आधी, त्याला मांडीवर घ्या. आधी तोंडाने "हाऽऽ" करायला लावून वास घ्या, मग तोंड मिटायला सांगून नाकापाशी वास घ्या, एका नाकपुडीवर बोट ठेवून दुसरीचा, मग उलट. तोंडाचा वास येतो अन् नाकाचा नाही, तर कोरडं तोंड, जीभ, दात. दोन्ही नाकपुड्यांचा येतो तर सर्दी, ॲडिनॉइड किंवा सायनस. अन् फक्त एकाच नाकपुडीतून घाण वास, एकाच बाजूने पिवळा-हिरवा किंवा रक्ताळलेला शेंबूड, तर सर्दी म्हणून बसू नका, आत काहीतरी घातलेलं असायची दाट शक्यता आहे. आपल्याकडं काय काय निघतं, शेंगदाणा, हरभरा, चिंचोका, मणी, गादीच्या फोमचा तुकडा, खडूचा तुकडा. हे घरी चिमटा घालून काढायला जाऊ नका, आत ढकललं जातं. अन् खेळण्यातली किंवा रिमोटमधली चपटी गोल बॅटरी नाकात, कानात किंवा पोटात गेल्याचा नुसता संशय जरी आला तरी त्याच घटकेला दवाखाना, रात्र असली तरी, ती काही तासांत आतलं मांस जाळते.

जंतांचं बोलायचं तर जंताचं औषध द्याच, फेब्रुवारी अन् ऑगस्टमध्ये अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी फुकट देतात, ती चुकवू नका, पण वासाचा अन् कानाचा जंतांशी काही संबंध नाही. "पोटात उष्णता" ह्याला मी काही उत्तर देत बसत नाही, लेकराचं पोट साफ होतंय, जेवतंय, तर पोटाच्या डॉक्टरची गरज नाही. एक वास मात्र वेगळा असतो, पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा. असा वास, त्याबरोबर लेकरू सारखं पाणी मागतंय, सारखी लघवी, अंथरूण ओलं करायला लागलंय, वाळत चाललंय, तर त्या दिवशीच रक्तातली साखर तपासा. लहान लेकरांना पण मधुमेह होतो अन् तो असाच कळतो.

दही, ताक, केळी सुरू करा. खरंच सांगते, साडेतीन वर्षांच्या १३ किलोच्या लेकराचं दही-केळी बंद करून तुम्ही त्याचं खाणं कमी केलंत, सर्दी नाही. सर्दी होते ती विषाणूंनी, दुसऱ्या लेकराच्या शेंबडाच्या हातातून, शिंकेतून. ह्या वयात वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणं हे नॉर्मल आहे, अंगणवाडीत नवीन जाणाऱ्याला त्याहून जास्त होऊ शकतात, म्हणजे महिन्याला एक सर्दी हे काही प्रतिकारशक्ती कमी असल्याचं लक्षण नाही. त्यासाठी मेडिकलवरून "इम्युनिटी"चं टॉनिक आणायची गरज नाही. मात्र वजन वाढत नसेल, खोकला दोन आठवड्यांच्या पुढं चालला असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल किंवा घरात कुणाला टीबी झालेला असेल तर ते डॉक्टरला आवर्जून सांगा.

म्हणून अंगणवाडी बंद करू का, तर माझं मत नको. सर्दी एक वर्ष पुढं ढकलली जाईल एवढंच, पहिलीत गेल्यावर तेच होणार. ताप असताना, कान वाहत असताना चार दिवस घरी ठेवा, बाकी जाऊ द्या. ऐकू कमी येत असेल अशी शंका आहे तोवर तर त्याला इतर लेकरांत बोलणं ऐकायला मिळालेलं बरं, फक्त अंगणवाडी ताईंना सांगा की ह्याला पुढं, तुमच्या तोंडासमोर बसवा.

आता स्ट्राँग औषधाचं. तुमच्या मिस्टरांना लेकराची काळजी आहे म्हणून ते म्हणतात, ते मला कळतं, पण सर्दीवर स्ट्राँग औषध असं काही नसतंच. शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागतं हा समज घरोघरी आहे. हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळं येतो, साध्या विषाणूच्या सर्दीत पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा होतो अन् दहा दिवसांत बहुतेक निवळतो. अँटिबायोटिकचा विचार करायचा तो दहा दिवस झाले तरी सर्दी तसूभर कमी नाही, किंवा कमी होऊन परत ताप घेऊन उलटली, किंवा सुरुवातीलाच तीन-चार दिवस सलग मोठा ताप अन् पुवासारखा शेंबूड, अशा वेळी. कानाचं थोडं वेगळं आहे. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, दोन वर्षांच्या आतलं पण दोन्ही कान सुजलेलं, खूप ताप, किंवा कान फुटून वाहणारा, तर अँटिबायोटिक लागतं. दोन वर्षांपुढच्या लेकराचा एकच कान दुखतोय, ताप कमी आहे, तर दोन-तीन दिवस नुसतं दुखण्याचं औषध देऊन वाट बघितली तरी चालते, बरेच कान त्यातच बरे होतात, अर्थात डॉक्टरने कान बघून तसं सांगितलं तरच. तुमच्या लेकराचा कान फुटलाय, म्हणजे त्याला ह्यावेळी अँटिबायोटिक लागू शकतं, पण कान बघून, वजन बघून, जितके दिवस सांगितले तितके दिवस पूर्ण. मागच्या वेळची उरलेली बाटली अजिबात वापरू नका. ती पावडर पाण्यात कालवली की आठवडाभरात निकामी होते, झाकण लावून ठेवली तरी.

अन् सर्दी-खोकल्याच्या सिरपबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. क्लोरफेनिरामाइन अन् फेनिलेफ्रिन हे मिश्रण, जे सर्दीच्या बऱ्याच सिरपांत सापडेल, ते चार वर्षांखालच्या लेकरांना देऊ नये असं देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलंय. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपात डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन निघालं, त्याने लहान लेकरांच्या किडन्या निकामी झाल्या, कित्येक लेकरं गेली, त्यातली बरीचशी उपचाराला नागपूरला आणलेली होती. तेव्हा केंद्राच्या आरोग्य खात्याने परत स्पष्ट केलं की दोन वर्षांखाली अशी औषधं द्यायचीच नाहीत अन् पाच वर्षांखाली सहसा नकोच. तुमचं लेकरू साडेतीनचं आहे. मेडिकलवाल्याला "सर्दीचं काहीतरी द्या" म्हणून आणलेली बाटली घरात असेल तर ती टाकून द्या. खोकल्याला एक वर्षाच्या पुढच्या लेकराला चमचाभर मध चालतो, रात्री झोपताना. वर्षाच्या आत मध नाही, बोटाने चाटवायलासुद्धा नाही.

खरं औषध कुठलं म्हणाल तर नाक मोकळं करणं. मेडिकलवर नॉर्मल सलाईनचे नाकाचे थेंब मिळतात, स्वस्त असतात, त्यात औषध काही नसतं, नुसतं मिठाचं पाणी, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा टाकले तरी चालतात. लेकराला पाठीवर झोपवा, खांद्याखाली टॉवेलची घडी ठेवा म्हणजे डोकं थोडं मागं जातं, दोन-तीन थेंब एका नाकपुडीत, मिनिटभर थांबा, उठवून एक नाकपुडी दाबून दुसरी शिंकरायला लावा, मग दुसरी. दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरून जोरात शिंकरायला लावू नका, तो सगळा शेंबूड त्याच नळीतून कानाकडं जातो. जेवणाआधी अन् झोपण्याआधी हे केलं की रात्रीचा तोंडाने श्वास बराच कमी होतो अन् सकाळचा वासही. फक्त दुकानात नीट बघून घ्या, "नाक मोकळं करणारे" म्हणून ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब हातात देतात, ते डॉक्टरने लिहिल्याशिवाय लहान लेकराला नकोत.

तोंडासाठी रात्रीचं ब्रश सुरू करा. सकाळचं एक वेळ राहिलं तरी चालेल पण रात्रीचं नको. वाटाण्याएवढी पेस्ट, ब्रश तुमच्या हातात, शेवटी जिभेवरून हळूच दोनदा. नंतर दूध नाही, पाणी चालेल. घरात कुणी मशेरी लावत असेल तर तीच बोटाने लेकराच्या दाताला लावायची सवय काही घरांत अजून आहे, ती तंबाखू आहे, नका लावू देऊ.

तेलाचा विषय मुद्दाम शेवटच्या बाजूला ठेवला कारण तो औषधाचा कमी अन् घराचा जास्त आहे. सासूबाई रात्री अडीचला उठतात, लसूण सोलतात, तेल कडवतात, हे प्रेम आहे, हे आधी मनापासून मान्य करा, त्यांना तोंडावर पण म्हणा. पण कान फुटलेला असताना तेल टाकलं तर ते पडद्याच्या भोकातून थेट आत जातं. पडदा शाबूत असला तरी दुखण्याची जागा पडद्याच्या आतल्या बाजूला आहे, तेल बाहेरच राहतं, ते तिथं पोचतच नाही, उलट कोमट समजून गरम पडलं तर भाजतं, अन् ओलसर तेलकट कानात बुरशी धरते. दूध, कांद्याचा रस, हायड्रोजन पेरॉक्साइड, काडीला कापूस, काहीच नको. "टाकू नका" म्हणण्याऐवजी त्यांना दुसरं काम द्या, कारण रडणाऱ्या नातवाजवळ हात बांधून बसणं कुठल्या आजीला जमतं? सुती कापडाची घडी तव्यावर कोमट करून, आधी आपल्या गालाला लावून बघून, कानाच्या बाहेरून धरायची, हे काम त्यांचं. लेकराला आडवं न ठेवता मांडीवर उभं-तिरपं घेऊन बसायचं, हे पण त्यांचं. पायाच्या तळव्याला तेल चोळायचं असेल तर खुशाल चोळू द्या. अन् दवाखान्यात जाताना त्यांना बरोबर न्या, डॉक्टरला त्यांच्यासमोर विचारा की तेल टाकू का. सुनेने सांगितलेलं अन् डॉक्टरने सांगितलेलं ह्यात घराघरात फरक असतो, तो तुमच्या बाजूने वापरा. ओव्याची पुरचुंडी हुंगवायची असेल तर लांबून चालेल पण त्यात कापूर घालू नका, कापूर पोटात गेला तर लेकराला झटके येतात. गोवऱ्यांच्या शेगडीवर वेखंडाची धुरी तर नकोच, धुराने नाक अजून सुजतं.

धुराचं अजून एक. हिवाळ्यात आंघोळीचं पाणी अंगणात पऱ्हाट्या-तुराट्यांवर तापवायचं अन् लेकरू तिथंच शेकत बसलेलं, हे आपल्याकडं गावोगाव दिसतं. चुलीचा धूर, घरात ओढलेली विडी, ह्याने कानाचे त्रास वाढतात हे पक्कं आहे. चूल बंद करा म्हणणं मला सोपं आहे अन् तुम्हाला अवघड, म्हणून एवढंच म्हणते की धूर असेल तेव्हा लेकरू तिथं नको अन् विडी घराच्या बाहेर. बाटलीने दूध पीत असेल तर बंद करा, झोपून बाटली प्यायल्याने दूध पण त्याच नळीकडं जातं.

रात्री दुखायला लागलं तर पहिलं औषध पॅरासिटामॉल, वजनावर. तुमच्या १३ किलोच्या लेकराला, लिव्हरचा वगैरे काही त्रास नाही असं धरून, एका वेळी साधारण १८० मिलिग्रॅम. इथं एक चूक फार होते ती बघा: बाटलीवर "५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिग्रॅ" असेल तर साधारण सात-साडेसात मिली भरतात अन् "५ मिलीमध्ये २५० मिग्रॅ" असेल तर साडेतीन मिली, दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच, डोस मात्र दुपटीचा फरक. नेहमीचं "एक झाकण" हे माप विसरा, सिरिंजने मोजा, दोन डोसात सहा तासांचं अंतर, २४ तासांत चारच्या वर नाही. तापाच्या दुसऱ्या कुठल्या सिरपात पण पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकदम देऊ नका. ॲस्पिरिन लेकरांना नाही.

कान वाहतोय तोपर्यंत तो कोरडा ठेवणं हेच मोठं काम. स्वच्छ धुतलेलं मऊ सुती फडकं किंवा टिश्यू पेपर घ्या, त्याची वळून वात करा, टोक कानात हलकेच ठेवा, ओली झाली की काढा, नवीन ठेवा, कोरडी निघेपर्यंत. असं दिवसातून तीन वेळा. काडेपेटीची काडी, पिन, कापूस लावलेली काडी नको. दिवसभर बोळा कोंबून ठेवायचा नाही, फक्त आंघोळीपुरता व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवा. विहिरीत, कॅनॉलला पोहायला नेणारे काका-मामा असतील तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा. मेडिकलवरून कानाचे थेंब विचारून आणू नका, फाटलेल्या पडद्याला काही प्रकारचे थेंब चालत नाहीत, त्याने आतल्या ऐकायच्या नसेला इजा होऊ शकते.

ह्या आठवड्यातच कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा. तुमच्या गावापासून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथल्या ईएनटी ओपीडीत दाखवा. बाकी वाचकांना छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, लातूर अन् नांदेडचं शासकीय मेडिकल कॉलेज किंवा आपापलं जिल्हा रुग्णालय आहेच. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांच्या यादीत कान वाहणं, ऐकू कमी येणं, दात किडणं हे सगळं आहे अन् ते पुढं मोफत पाठवतात, ताईंना पथक कधी येणार ते विचारा, पण तुमच्या लेकरासाठी पथकाची वाट बघत थांबू नका. डॉक्टरला सांगायचं: सहा महिन्यांत कान किती वेळा दुखला, किती वेळा फुटला, घोरतो का, हाकेला ओ देत नाही. सहा महिन्यांत तीन वेळा किंवा वर्षात चार वेळा कान सुजला असेल तर तज्ज्ञाने बघायलाच पाहिजे. विचारायचं: दोन्ही पडदे बघितले का, भोक आहे का, मागं पाणी आहे का, ऐकण्याची तपासणी कधी करायची. पडद्याला भोक नसेल तर पडद्यामागं पाणी आहे का ते सांगणारी टिम्पॅनोमेट्री नावाची मिनिटभराची तपासणी असते, दुखत नाही, सुई नाही. पाणी निघालं तरी लगेच ऑपरेशन म्हणून घाबरू नका, बहुतेक लेकरांचं ते तीन महिन्यांत आपोआप जिरतं, म्हणून साधारण तीन महिने थांबून परत तपासतात. तीन महिन्यांनी पण पाणी तसंच अन् ऐकू कमी, तर पडद्यात बारीक नळी बसवणं किंवा ॲडिनॉइड काढणं हा विचार येतो, अन् तो वेळेवर केलेला बरा, कारण ह्या वयात ऐकण्यावरच बोलणं उभं राहतं. अन् जो कान दुखत नाही पण दोन-दोन आठवडे घाण वासाचा वाहत राहतो, तो "वाहता कान" म्हणून घरात वर्षानुवर्षं सोडून देऊ नका. त्यात पडद्यामागचं हाड पोखरत जाणारा आजार असू शकतो.

थांबायचंच नाही अशा काही गोष्टी आहेत. कानामागं सूज किंवा लाली येऊन कान पुढं ढकललेला दिसणं, चेहरा एका बाजूला वाकडा होणं, मान आखडणं, सारख्या उलट्या, गुंगी, झटके, श्वास भरभर चालून छाती आत ओढली जाणं. ह्यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन अन् सरळ मोठा दवाखाना.

लहान बाळ असलेल्या बाकीच्या आयांसाठी: न्यूमोकोकल म्हणजे पीसीव्ही लस आता सरकारी लसीकरणात फुकट आहे, दीड महिना, साडेतीन महिने अन् नऊ महिने अशी तीन वेळा, कान पिकवणाऱ्या एका मुख्य जंतूपासून ती वाचवते. बाळाचं कार्ड काढून बघा, एखादा डोस राहिला असेल तर एएनएम ताईंना विचारा.

अन् ताई, दवाखान्यात जायच्या आधी एक करा. लेकरू गाढ झोपलेलं असताना अंगावरचं पांघरूण छातीपर्यंत खाली घेऊन मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट, एक सर्दी असतानाच्या रात्रीचा अन् जमलं तर एक सर्दी नसतानाचा. घोरताना मध्येच श्वास थांबतो का, छाती आत खेचली जाते का, मान मागं टाकून झोपतो का, हे ओपीडीतल्या पाच मिनिटांत जागं लेकरू बघून कुठल्याच डॉक्टरला कळत नाही, व्हिडिओत कळतं. सर्दी नसताना पण श्वास थांबत असेल तर तो व्हिडिओ सगळ्यात आधी दाखवा, बाकीचं मग सांगा.